दहावीच्या केंद्रावर नंबर उभे टाकायचे की नागमोडी?

तुमच्या शाळेला पहिल्यांदाच दहावीचं केंद्र मिळालंय, त्याच वर्षी शिष्यवृत्तीचंही आहे आणि बैठक व्यवस्था तुमच्या गळ्यात पडलीय, म्हणून नंबर उभे टाकायचे (प्रत्येक ओळ पुढूनच सुरू) की नागमोडी (एक ओळ पुढून मागे, शेजारची मागून पुढे) असं विचारलंय तुम्ही. मी पण शिक्षकच आहे, आमच्याकडे फेब्रुवारी लागला की खडू, खळ आणि स्टिकरचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडतो, त्यामुळे सांगतो.

आधी एकच बघा, पेपरला संच, म्हणजे एकाच पेपरचे वेगवेगळे प्रकार, आहेत का नाहीत.

दहावीला ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या एका खोलीत, सगळ्यांना एकच पेपर, मग उभे टाका नाहीतर नागमोडी, बघून लिहिणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही. तिथं कामाला येतं ते फक्त अंतर, म्हणजे एका बाकावर एकच पोरगं, ब्लॉक २५ चा, पाच ओळी पाच बाक. प्रश्नपत्रिकांची पाकिटं पण २५ च्या हिशोबानेच येतात आणि ती वर्गात दोन मुलांच्या सह्या घेऊन फोडायची असतात, त्यामुळे मोठ्या खोलीत २८ बसवू आणि छोटीत २२ असला जुगाड करायला जाऊ नका, पर्यवेक्षक पाकिटं घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळत बसतील. मी स्वतः दहावीला नागमोडी टाकतो, कारण एवढंच की उत्तरपत्रिका गोळा करताना एका फेरीत क्रमाने हातात येतात.

खरी गंमत संचवाल्या पेपरला. शिष्यवृत्ती, एमपीएससी वगैरेला ए, बी, सी, डी असे चार संच येतात आणि ते नंबरच्या क्रमाने वाटत जायचे. आता समजा तुमच्या उभ्या ओळीत ८ बाक आहेत आणि प्रत्येक ओळ पुढूनच सुरू केली. पहिल्या बाकाला ए, आठव्याला डी, आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्या बाकाला परत ए! म्हणजे पुढच्या आडव्या रांगेत सगळे ए, त्यामागे सगळे बी. चार संच छापून उपयोग शून्य, शेजारी शेजारी तोच पेपर. ४ बाकांच्या ओळीतही हेच होतं. अशा खोलीत नागमोडीच टाका, पहिली ओळ पुढून मागे, दुसरी मागून पुढे. मग ओळ कितीही लांब असू दे, शेजारच्या दोन नंबरांत कायम विषम संख्येचा फरक राहतो आणि चार संचांत विषम फरकाला तोच संच येऊच शकत नाही. फक्त तिरक्या बाकाला अधूनमधून सारखा येतो.

खोली चांगली असेल तर ६ बाकांच्या चार ओळी करा, सगळ्या पुढून सुरू, २४ मुलं. मागेपुढे फरक १, शेजारी ६, तिरके ५ आणि ७, यातल्या एकालाही ४ ने भाग जात नाही, म्हणजे आठही बाजूंना वेगळा संच. कागदावर काढून बघा, मजा वाटेल. मला तर वाटतं गणिताच्या तासाला हेच द्यावं पोरांना.

आणि हो, गैरहजर मुलाचा संच पुढच्याला सरकवायचा नाही. त्याच्या बाकाचा हिशोब तसाच धरून पुढे वाटायचं, नाहीतर तिथून पुढच्या नंबरांची सगळी साखळी तुटते. पर्यवेक्षकांना हे सकाळच्या मीटिंगमध्ये दोनदा सांगा, नवीन लोक हमखास घोळ करतात.

बाकीचं पटकन. लेखनिक घेणारी किंवा चालायला त्रास होणारी मुलं तळमजल्यावर आणि वेगळ्या खोलीत, कारण त्यांना ताशी २० मिनिटं जादा असतात, इतरांची घंटा झाली की बाहेर जो कालवा होतो त्यात त्यांना लिहिता येत नाही. प्राथमिकच्या वर्गातले बुटके बाक दहावीला देऊ नका, तीन तास गुडघे दुमडून बसतं पोरगं. भिंतीवरचे तक्ते उतरवा. फळ्यावर बाण काढून नंबर कुठून कुठे जातात ते दाखवा, आणि स्टिकर बाकाच्या उजव्या कोपऱ्यात लावा, मधोमध लावलं की पोरं पेपर सुरू व्हायच्या आधीच नखाने खरवडून काढतात.