गळक्या छताचा फोटो आणि हातात पडलेला मेमो

प्रश्न: मी उत्तर गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरी कायम आहे. पावसाळ्यात लॅबचे छत गळते, दोघांचे काम मी एकटी करते आणि साप्ताहिक सुट्टी वरचेवर रद्द होते. दोनदा लेखी अर्ज दिले, उत्तर आले नाही. शेवटी फोटो काढून चार ओळींसह गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो कोणीतरी पुढे पाठवला आणि वर्तमानपत्रात छापून आला. मध्यंतरी आमदारांनाही भेटले होते. आता आचरण नियम 3, 9, 11 आणि 20 यांचा भंग केल्याचा मेमो आला आहे आणि सात दिवसांत खुलासा मागितला आहे. साहेब म्हणतात, माफीनामा दे, विषय मिटेल. नोकरी जाईल का?

उत्तर:

ताई, मेमोसोबत दोन्ही अर्जांच्या प्रती, फोटो आणि ग्रुपवरचा मजकूर पाठवलात हे फार बरे केले. आधी महत्त्वाचे सांगतो. साहेबांना हवा तसा सरसकट माफीनामा लिहून देऊ नका. 'माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही' एवढी एक ओळ फायलीला लागली की चारही आरोप तुम्ही कबूल केले असे पुढे म्हणता येते. आज गोड बोलणारे साहेब उद्या बदलून जातील, फाईल मात्र तिथेच राहील.

आता नोकरीचे. हा मेमो म्हणजे नुसती कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र नव्हे, निलंबनही नव्हे. गोवा 30 मे 1987 रोजी राज्य झाले तरी इथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारचेच नियम लागू आहेत: वागणुकीसाठी 1964 चे आचरण नियम आणि शिस्तभंगाच्या कारवाईसाठी 1965 चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम. घटनेच्या कलम 311 प्रमाणे आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही, की खालच्या पदावर ढकलता येत नाही. अशा प्रकरणात खात्याने कारवाई पुढे रेटलीच, तर ती बहुधा या 1965 च्या नियमांतील नियम 16 खालच्या किरकोळ शिक्षेची असते, म्हणजे ठपका किंवा वेतनवाढ रोखणे. 'किरकोळ' म्हटले तरी बढतीच्या वेळी ती आडवी येते, म्हणून खुलासा मन लावून लिहायला हवा.

सरकारी नोकरीत शिरले की तोंड शिवून घ्यायचे, असे तुम्हाला कचेरीत सांगितले गेले. हे खरे नाही. बिहार सरकारने कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवर घातलेली सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1962 मध्येच रद्द केली. सरकारी नोकर नागरिकच राहतो आणि त्याचे मूलभूत हक्क नोकरीच्या दारात गळून पडत नाहीत, असे त्या निकालाचे सार आहे. संपाचा हक्क मात्र त्याच निकालाने मानला नाही. फेसबुकवरच्या मजकुरावरून आणि एका सभेला हजर राहिल्यावरून झालेल्या कारवाईत त्रिपुरा उच्च न्यायालयानेही 2020 मध्ये हेच सांगितले: बोलण्याचा हक्क आहे, त्याला आचरण नियमांची मर्यादा आहे.

तुमचा खुलासा याच मर्यादेवर उभा करायचा आहे. छत गळते, माणसे कमी आहेत, सुट्टी मिळत नाही, असे म्हणणे हे गैरवर्तन नव्हे. ते कुठे आणि कसे मांडले, एवढ्यापुरताच खात्याचा आक्षेप असू शकतो. मेमोने दोन्ही एकत्र कालवले आहे. तुम्ही ते वेगळे करा आणि प्रत्येक नियमाला स्वतंत्र परिच्छेदात उत्तर द्या.

नियम 9 सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर अथवा कृतीवर जाहीर प्रतिकूल टीका करायला मनाई करतो. तुमच्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पहिल्या तीन ओळींत छत, बादली आणि रद्द झालेल्या सुट्ट्या आहेत. त्यात धोरण कुठेच येत नाही, ती कामाच्या जागेची हकिगत आहे आणि खुलाशात तसे ठामपणे लिहा. चौथी ओळ मात्र 'या सरकारला गरिबांच्या आरोग्याचे काही पडलेले नाही' अशी आहे. ती संतापाच्या भरात लिहिली गेली हे कोणालाही कळेल, पण नियम 9 चा सगळा भार त्याच ओळीवर पडणार. तिचे समर्थन करत बसू नका. दोन अर्ज अनुत्तरित राहिल्याने उद्वेगाने ते वाक्य आले, धोरणावर टीका करण्याचा हेतू नव्हता, इतके लिहून थांबा. फोटो वर्तमानपत्राला तुम्ही दिला नाही हेही स्पष्ट लिहा. कोणी दिला असेल याचा तर्क लढवू नका.

नियम 11 बद्दल मला खरी काळजी वाटते. फोटो मोठा करून पाहा. मध्ये सेंट्रिफ्यूज मशीनवर ठेवलेली बादली दिसते, वर छताची ओल दिसते, आणि उजव्या कोपऱ्यात टेबलावर रजिस्टर उघडे आहे. त्यात तीन रुग्णांची नावे आणि समोर तपासणीचे नाव सहज वाचता येते. कार्यालयीन दस्तऐवजाचा भागही अधिकार नसलेल्या व्यक्तीला देऊ नये, असे हा नियम सांगतो. आणि नियम बाजूला ठेवला, तरी त्या तिघांनी आपला आजार गावभर व्हावा म्हणून रक्त दिले नव्हते. खेद व्यक्त करायचाच असेल तर तो फक्त इथे करा, आणि मनापासून करा: रजिस्टर फोटोत आले हे लक्षात आले नाही, त्याबद्दल खेद आहे, ग्रुपवरच्या सर्वांना तो फोटो काढून टाकण्याची विनंती केली आहे. ही विनंती आजच करा. त्याआधी ग्रुपवरचा मूळ संदेश, तारीख आणि वेळ दिसेल असा जपून ठेवा. गुपचूप सगळे डिलीट करून 'मी टाकलाच नाही' असा पवित्रा घेऊ नका. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, स्क्रीनशॉट आणि दोन सहकाऱ्यांचे जबाब पुरतात. खोटे बोललात की छताचा मुद्दाही हातचा जाईल.

आमदारांच्या भेटीवर नियम 20 लावला आहे. स्वतःच्या सेवेच्या बाबतीत फायदा मिळवण्यासाठी वरिष्ठांवर राजकीय किंवा बाहेरचे वजन आणणे, हे त्यात निषिद्ध आहे. तिथे तुम्ही नेमके काय बोललात यावर सगळे ठरते. आरोग्य केंद्राची इमारत आणि रिक्त जागा एवढेच बोलला असाल, तर त्यात तुमचा खासगी लाभ नाही, तसे लिहा. बदलीचा विषय काढला असेल, तर तो लपवू नका, पण खुलासा देण्याआधी मला किंवा तुमच्या वकिलांना नक्की सांगा. आपल्याकडे आमदाराच्या दारात जाणे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात नियमभंग असू शकतो हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. यापुढे सेवेच्या कामासाठी तिकडे जाऊ नका, घरच्या माणसांनाही पाठवू नका.

नियम 3 मधले 'सरकारी नोकराला न शोभणारे वर्तन' हे कलम वरच्या तिन्ही आरोपांची शेपटी म्हणून जोडले आहे. कोणते वर्तन, कधीचे, हे मेमोत लिहिलेले नाही, म्हणून उत्तर देता येत नाही असे सांगा.

तुमची सर्वांत भक्कम बाजू मात्र त्या दोन अर्जांत आहे. पहिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का आहे, दुसऱ्यावर नुसती सही आहे. दोन्हींच्या प्रती खुलाशाला जोडा. अधिकृत मार्ग तुम्ही आधी धरला होता, तिथून उत्तर आले नाही, हे घटनाक्रमाने तारखांसह मांडा. त्याचबरोबर माहिती अधिकारात स्वतंत्र अर्ज करून त्या दोन अर्जांवर काय कार्यवाही झाली, टिपणीसह मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नागरिक म्हणून माहिती मागणे हा शिस्तभंग होत नाही. न्यायालयात जाणेही होत नाही: काळ्या पैशाच्या प्रश्नावर याचिका केली म्हणून उत्तर प्रदेशातील एका आयएएस अधिकाऱ्यावर लादलेली चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केली. पण नुसत्या कारणे दाखवा नोटिशीवर पर्वरीला उच्च न्यायालयात धाव घेऊ नका. या टप्प्यावर न्यायालय सहसा हात घालत नाही.

समजा निलंबन झालेच, तर घाबरून राजीनामा देऊ नका. पहिले तीन महिने अर्ध्या पगारी रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, शिवाय त्यावरचा महागाई भत्ता. 90 दिवसांच्या आत निलंबनाचा फेरविचार करावा लागतो, आणि तीन महिन्यांत आरोपपत्रच दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले आहे. चौकशी लागली तर मदतीला सहकारी सरकारी कर्मचारी घेता येतो. शिक्षा झाली तर आदेश मिळाल्यापासून 45 दिवसांत अपील करता येते.

मेमो मिळून तीन दिवस गेले आहेत. उद्या सकाळीच एक पानी अर्ज द्या: तक्रारीची प्रत आणि ज्या स्क्रीनशॉटवर मेमो आधारला आहे तो मिळावा, आणि ते मिळाल्यापासून खुलाशाला 15 दिवस द्यावेत. मराठीत लिहिलात तरी चालेल, 1987 च्या राजभाषा कायद्याने ती मुभा दिली आहे. मुदतवाढ लेखी मिळाली नाही तर सातव्या दिवशी खुलासा द्याच. आणि या वेळी नुसत्या सहीवर परत येऊ नका, आवक क्रमांक घालून घ्या.