रिकाम्या प्लॉटची जबाबदारी

प्रश्न : पुण्यात आमचा दोन गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे, आम्ही राहतो सोलापूरला. गवत, कचरा आणि डासांबद्दल शेजारी तक्रार करतात. जबाबदारी आमचीच का? गवत जाळलं तर चालेल?

उत्तर : हो, कचरा दुसऱ्यांनी टाकला तरी नोटीस मालकालाच येते. गवत मात्र जाळू नका. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,०००.

गाजर गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर ते पुन्हा फुटतं, आणि फुलल्यावर एकेक झाड हजारो बिया टाकतं. हातमोजे हवेतच, त्याने अंगाला खाज सुटते.

डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कुणाला तरी पाठवून टायर, करवंट्या, डबे उचलायला लावा. खड्डे मुरुमाने बुजवा, राडारोड्याने नको: त्याच्या फटींत पाणी साचतं आणि राडारोडा दिसला की लोक आणखी आणून टाकतात. भराव शेजाऱ्यांपेक्षा उंच केलात तर पाणी त्यांच्या घरात शिरेल. उतार गटाराकडेच ठेवा.

कुंपणाआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.