घरी झटपट आणि पोटभरीची व्हेज चिली कशी करायची? माझी दर वेळी राजम्याच्या भाजीसारखीच का लागते?

राजम्यासारखी लागते कारण तुम्ही बहुतेक आलं, धनेपूड आणि गरम मसाला घालताय. ते तिन्ही आधी काढा, अर्धं काम तिथेच झालं.

मी इंदूरला राहते, घरात सगळे शाकाहारी, आणि चिली पहिल्यांदा खाल्ली ती टेक्सासला भावाकडे. तिथे हा मूळ मांसाचा दाट, तिखट रस्सा, चिली कॉन कार्ने म्हणजे मांस घातलेली मिरची, १९७७ पासून ती टेक्सासची अधिकृत स्टेट डिश आहे आणि तिथले कट्टर लोक तर त्यात राजमा घातलेलाही चालवून घेत नाहीत. वहिनीने माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाची केली होती आणि मला इतकी आवडली की परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरी करायला घेतली. ती बिघडली. इंटरनेटवरच्या रेसिपीत लिहिलं होतं दोन टेबलस्पून चिली पावडर, मी आपलं लाल तिखट तेवढं घातलं, मुलांना एक घास गिळवेना. नंतर कळलं की अमेरिकेत चिली पावडर म्हणजे मिक्स मसाला असतो, त्यात सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण सगळं असतं. म्हणून आपल्याकडे चार माणसांसाठी दोन छोटे चमचे काश्मिरी मिरचीचं तिखट, दीड चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक चमचा ओरेगॅनो (पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या चालतात), एवढं पुरतं.

आता राजमा. एक वाटी सकाळीच भिजत घाला, निदान ७-८ तास, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात मीठ घालून कुकरला ६-७ शिट्ट्या. टोमॅटो कुकरमध्ये अजिबात नको, आंबट पडलं की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. पाणीही बघा हं, आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी बोरिंगचं, त्या जड पाण्यात राजमा तासभर शिजवला तरी टणकच, म्हणून मी नर्मदेचं पाणी बाजूला भरून ठेवते. आणि कोणी स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा टाकायला सांगितला तर ऐकू नका, कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो, तो किमान १० मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, मंद आचेवर तो तसाच राहतो आणि मग उलट्या-जुलाब. कुकरमध्ये ही काळजीच नाही.

पोटभरीची व्हायला मी सोया ग्रॅन्युल्स घालते. आम्ही माळव्यातले, चारी बाजूंना सोयाबीनची शेतं, देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे, तरी लोक सोया खायला नाकं मुरडतात कारण नीट करत नाहीत. अर्धी वाटी ग्रॅन्युल्स गरम पाण्यात १० मिनिटं, मग मुठीत घेऊन घट्ट पिळा, पाणी टाकून द्या, पुन्हा एकदा धुऊन पिळा, तो कच्चा वास त्या पाण्यातच जातो. मग जाड बुडाच्या कढईत जरा सढळ तेलावर परता, घाई न करता, आधी ओलसर फसफसतात, मग कढईला चिकटायला लागतात आणि कडा तांबूस होऊन भाजलेल्या दाण्यांसारखा वास सुटतो. इथपर्यंत आणलंत तरच चव येते, नाहीतर स्पंज चावल्यासारखं लागतं.

ते काढून त्याच कढईत दोन कांदे, ६-७ लसूण पाकळ्या, एक शिमला मिरची परता, गॅस बारीक करून मसाले अर्धा मिनिट तेलात फिरवा, लगेच चार टोमॅटोंची प्युरी. तेल सुटलं की सोया, राजमा आणि त्याचंच पाणी, मूठभर मक्याचे दाणे, अर्धा चमचा कोको पावडर. कोको वाचून दचकू नका, गोड लागत नाही, रंग गडद होतो आणि चवीला खोली येते. थोडा राजमा डावाने ठेचा म्हणजे रस मिळून येतो. झाकण न ठेवता २० मिनिटं. राजमा आधी शिजवलेला असेल तर पाऊण तासात सगळं तयार. वहिनी धुराच्या वासाची पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) घालायची, मी वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडते, झाकण ५ मिनिटं, बास.

जिरावन (आमच्या इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) मात्र पातेल्यात घालू नका, आमच्या घरी सगळ्यांना मोह होतो, पण त्यातलं काळं मीठ आणि आमचूर शिजताना चव पार बदलून टाकतात. खायला बसल्यावर वरून चिमूटभर घ्या, लिंबू पिळा, कच्चा कांदा आणि भरपूर जाड लसूण शेव. तिकडे सोबत कॉर्नब्रेड असतो, आम्ही मक्याची भाकरी करतो, थंडीत तर तीच हवी. जास्तच करा, दुसऱ्या दिवशी आणखी मुरते, माझी मुलं डब्यात पोळीत गुंडाळून नेतात.