परसबागेतील शेवाळी: काढायची कशी, वाढवायची कशी

परसबागेतील शेवाळाविषयी आलेल्या प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहोत. आधी ओळख पक्की करा. बोटाने चोळल्यावर बुळबुळीत थर निघाला तर ते शैवल. मखमलीसारखी गादी आणि जवळून पाहिल्यास बारीक पाने दिसली तर ती शेवाळी, म्हणजे मॉस. पुढील सल्ला शेवाळीसाठी आहे. तिला खरी मुळे नसतात, फक्त धरून राहण्यापुरते तंतू असतात. पाणी ती पानांतूनच घेते.

प्रश्न: हिरवळीतील गवत विरळ होऊन शेवाळीचे पट्टे वाढत आहेत. चुना टाकूनही फरक पडला नाही.

गवत शेवाळीने मारलेले नाही. ते आधी विरळ झाले, म्हणून तिला जागा मिळाली. सावली, पायाखाली घट्ट झालेली माती, निचऱ्याचा अभाव आणि फार खालून केलेली कापणी ही त्याची नेहमीची कारणे. चुन्याने शेवाळी मरत नाही, फक्त जमिनीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. माती परीक्षणात जमीन आम्ल आढळली तरच चुना द्या. एरवी दिल्यास गवताला लोह मिळेनासे होते आणि ते पिवळे पडते.

शेवाळी मारण्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट) वापरा. दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम हिराकस अर्धा ते एक लिटर पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या झारीने सारखे शिंपडा. जमीन ओलसर, हवा थंड आणि पुढचे २४ तास पाऊस नसेल असा दिवस निवडा. कडक उन्हात किंवा सुकलेल्या जमिनीवर दिल्यास गवतही करपते. हातमोजे घाला. फरशीवर किंवा कपड्यावर द्रावण उडाल्यास लगेच धुवा, कारण नंतर तांबूस डाग निघत नाहीत. साधारण दोन आठवड्यांत शेवाळी काळी पडते, मग ती दाताळ्याने ओढून काढा.

एवढ्यावर थांबलात तर शेवाळी पुन्हा येणार. म्हणून वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसताना, सळईने १० ते १५ सेंमी अंतरावर १० सेंमी खोल भोके पाडा आणि त्यांत जाड वाळू व चाळलेले कंपोस्ट झाडून भरा. वरच्या फांद्या विरळ करा. कापणी ४ ते ५ सेंमी उंचीवर ठेवा. पाणी सकाळी द्या, रोज थोडे देण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्या. दिवसभरात जेमतेम दोन-तीन तास ऊन मिळणाऱ्या जागी हरळीसारखे ऊन मागणारे गवत टिकत नाही. तेथे शेवाळीच राहू द्यावी, असे आमचे मत आहे.

प्रश्न: कुंडीतील मातीवर शेवाळी आली आहे. रोपाला धोका आहे का?

शेवाळीचा नाही, पण सततच्या ओलाव्याचा आहे. मुळे कुजतात ती त्यामुळे. वरचा एक सेंमी थर खरवडून काढा, माती हलकेच भुसभुशीत करा, तळाचे छिद्र मोकळे आहे का ते पाहा. वरची २ ते ३ सेंमी माती सुकल्यावरच पुढचे पाणी द्या. कुंडीत हिराकस टाकू नका.

प्रश्न: फळझाडांच्या खोडावर शेवाळी आहे. खरवडावी का?

नको. ती झाडातून अन्न घेत नाही, आणि खरवडताना सालीला जखमा होतात.

प्रश्न: पायवाट निसरडी झाली आहे.

कोरड्या दिवशी ताठ ब्रशने घासून काढा, सांधे पात्याने कोरा आणि त्यांत कोरडी वाळू भरा. पाणी साचत असेल तर उतार सुधारा. ब्लीचिंगचे पाणी वाफ्यात गेल्यास झाडे करपतात. ते आम्लात तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

प्रश्न: सावलीत शेवाळीचा गालिचा करायचा आहे. ताकात शेवाळी वाटून लावली, तर बुरशी आली.

ताकाची कृती फार सांगितली जाते, पण तिच्यावर विसंबू नका. दुधातील पदार्थांवर आधी बुरशीच पोसली जाते. शेवाळीला असे खाद्य लागतच नाही. जपानमध्ये क्योटो येथील सायहोजी मंदिराच्या बागेत शेवाळीचे सुमारे १२० प्रकार आहेत. तेथे शेवाळी लावलेली नव्हती, बागेची निगा थांबल्यावर दमट सावलीत ती आपोआप पसरली. जागा मानवली की ती टिकते.

शेवाळी आपल्याच आवारातून, त्याच प्रकारच्या पृष्ठभागावरून घ्या. भिंतीवरची मातीत सहसा रुजत नाही. जंगलातून ओरबाडून आणू नका. आडवी पसरणारी शेवाळी लवकर पकडते, उशीसारखी उभी वाढणारी हळू वाढते.

जागेवरील तण आणि पालापाचोळा काढा. माती भुसभुशीत करू नका, उलट दाबून सपाट करा. खत अजिबात नको. वरचा थर चिखलासारखा ओला करून ओरखडा, त्यावर तळहाताएवढे तुकडे ठेवा आणि पायाने घट्ट दाबा. बहुतेक लागवडी फसतात त्या इथेच. खाली हवा राहिली की तंतू मातीला पकडत नाहीत आणि कडा वर वळतात. म्हणून पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाबा.

पहिले तीन-चार आठवडे दिवसातून दोनदा बारीक फवारा द्या, नंतर कमी करा. पावसाचे पाणी उत्तम. क्षारयुक्त पाण्याने पांढरी पुटे चढतात आणि शेवाळी मागे पडते. कोरड्या दिवसांत ती तपकिरी झाली तरी उपटू नका, पाणी मिळताच बहुधा पुन्हा हिरवी होते. तांबे तिला मारक आहे, त्यामुळे शेजारच्या झाडावर बोर्डो मिश्रण (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारताना खाली प्लास्टिक अंथरा. मधल्या फटी भरून यायला एक-दोन वर्षे लागतात. तोवर उगवणारे तण लहान असतानाच काढा, आणि उपटताना दुसऱ्या हाताने आजूबाजूची शेवाळी दाबून धरा.