'कॉपरहेड'ला 'फितूर' म्हणावं का?

प्रश्न असा : अमेरिकेच्या यादवी युद्धात लढाई थांबवा म्हणणाऱ्या उत्तरेकडच्या डेमोक्रॅटांना 'कॉपरहेड' म्हणत. मराठीत 'फितूर' चालेल का?

निवेदकाच्या तोंडी नको. फितूर आतून, गुपचूप शत्रूला मिळालेला असतो. यांचं म्हणणं मात्र सभांमधून उघड चाले. त्यांचा पुढारी क्लेमंट व्हॅलँडिगम याला मे १८६३ मध्ये ओहायोत पकडलं तेही भाषणाबद्दल. लिंकनने त्याला दक्षिणेच्या हद्दीत सोडून दिलं. तो पुढे कॅनडात गेला आणि तिथूनच ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून हरला. फितुराला कोणी अशी उघड उमेदवारी देतं का?

'पंचमस्तंभी' (आत राहून शत्रूला मदत करणारा) तर कालविपर्यास. तो शब्द १९३६ च्या स्पॅनिश यादवीतला, माद्रिदच्या वेढ्याच्या वेळचा.

'शांततावादी' हा सगळ्यांत फसवा पर्याय. त्याने या मंडळींना फुकटचा सोज्वळपणा मिळतो. त्यांचा विरोध युद्धमात्राला नव्हता. त्यांना दक्षिणेशी तह हवा होता, आणि गुलामांची मुक्तता, सक्तीची सैन्यभरती नको होती. म्हणून 'तहवादी डेमोक्रॅट' बरं.

मूळ शब्द रिपब्लिकनांनी हिणवायला वापरलेला. कॉपरहेड हा तांबूस डोक्याचा विषारी साप. खुळखुळा वाजवणाऱ्या रॅटलस्नेकसारखी सूचना न देता चावतो, असा त्याचा लौकिक. एका अनुवादात 'फुरसं' वापरायचा मोह होईल, पण फुरसं खवले घासून आवाज करतं, म्हणजे उपमेतला विखारच निघून जातो. शिवी म्हणूनच उतरवायची असेल तर 'अस्तनीतले निखारे' चपखल; साप गेला तरी डंख राहतो. गंमत म्हणजे काहींनी ही शिवीच मिरवली : तांब्याच्या सेंटवरचं स्वातंत्र्यदेवतेचं मस्तक कापून ते कोटाला लावत. हा प्रसंग मजकुरात असेल तर 'कॉपरहेड' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला साप नि नाणं, दोन्ही अर्थ सांगा, नाहीतर बिल्ल्याची कोटी वाचकाला कळणार नाही.

आणि सरसकट 'डेमोक्रॅट म्हणजे कॉपरहेड' करू नका. १८६४ मध्ये लिंकनचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार अँड्र्यू जॉन्सन हा युद्धवादी डेमोक्रॅटच होता. त्याच वर्षी डेमोक्रॅटांच्या जाहीरनाम्यात तहवाद्यांचं कलम आलं, पण त्यांचा उमेदवार मॅक्लेलन याने ते झिडकारलं. त्यालाही कॉपरहेड म्हटलेलं आढळतं, तिथे तो शब्द अवतरणचिन्हांतच ठेवा.