मुंबईत मूरिंगवर असणाऱ्या शिडाच्या बोटीची वर्षभराची देखभाल कशी आखावी?

तुमची बोट ३० फुटी, फायबरग्लासची, आत २० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. ऑक्टोबर ते मे मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी कायम पक्क्या केलेल्या साखळीला बांधलेली), मधूनच कोकण-गोव्याची फेरी. परदेशी पुस्तकं हिवाळ्यात बोट बंद करायला सांगतात, मग आपण काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

आपला बंद हंगाम म्हणजे पावसाळा. पण पुस्तकातले महिने नुसते फिरवून भागत नाही, कारण तिकडे पाणी गोठून पाइप फुटण्याची भीती असते, तर इथे बोट खातात त्या गोष्टी म्हणजे दमट हवा, ऊन, गाळ आणि तळाला चिकटणारे जीव. त्यामुळे माझं ठाम मत असं की वर्षाचं निम्म्याहून जास्त काम बोट पाण्याबाहेर वर घेतल्यावर लगेच, मे महिन्यातच उरकावं. 'सप्टेंबरात उतरवण्याआधी बघू' म्हणून ठेवलेलं काम चार महिने मीठ आणि ओल पिऊन दुप्पट होतं, आणि सप्टेंबरात धड काही सुकतही नाही.

बोट १० मेच्या आत वर घ्या. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो म्हणून मेअखेरची तारीख धरणारे बरेच आहेत, पण वादळं मान्सूनची वाट बघत नाहीत. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं. उताराच्या धक्क्यावरून ट्रॉलीने ओढणार असाल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस पकडा. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, म्हणजे काम उजेडात होतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ट्रॉलीवर पुरेसं पाणीच चढत नाही.

वर आल्याच्या तासाभरात तळ धुवा. बार्नॅकल आणि कालवं ओली असताना प्लास्टिकच्या किंवा लाकडी खरवडणीने निघतात. एकदा वाळली की त्यांचा चुनखडी बूड तसाच राहतो आणि तो काढताना जेलकोट (फायबरग्लासवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) जातो. तळ धुतल्यावर तिरप्या उजेडात फुगे शोधा. फुगा फोडल्यावर आतलं पाणी चिकट आणि व्हिनेगरसारखं आंबट वासाचं असेल तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासच्या थरांत पाणी मुरणं; कोमट पाण्यात तो लवकर धरतो. फुगे मोजा, खडूने गोल करा, फोटो काढा, आणि एवढ्यावर थांबा. पावसाळ्यात त्यावर इपॉक्सी चढवणं म्हणजे ओल आत कोंडणं. दोन-चार फुगे असतील तर एखादा हंगाम काही बिघडत नाही. तळभर असतील तर पुढच्या डिसेंबर-जानेवारीत बोट खास वर काढून, थर खरवडून, महिनोन्‌महिने सुकवावी लागेल.

आता सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह. प्रत्येक सीकॉक उघडा-मिटवा, धातू चाकूने थोडा खरवडा. पिवळा दिसला तर ठीक, तांब्यासारखा गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त गेलंय आणि उरलाय तो ठिसूळ सांगाडा. त्याला डागडुजी नसते. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसाच असतो, पण पाण्याखाली ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त न सोडणारं) पितळच लावा. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असावी. शाफ्टवरचा (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरचा) जस्ताचा अ‍ॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारा तुकडा) निम्मा झिजला की बदला, आणि त्यावर रंग कधीच लावू नका.

इंजिनाचं तेल बंद करण्याआधी बदलायचं, नंतर नाही. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, चार महिने ते बेअरिंगवर बसून राहतं. इंजिन गरम करून डिपस्टिकच्या भोकातून हातपंपाने तेल ओढा, फिल्टर बदला. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर कुठलं तरी सील गेलंय. मग खाऱ्या पाण्याचा मार्ग धुवा: सीकॉक बंद करून आत घेणारा पाइप बादलीत सोडा आणि ४०-५० लिटर गोडं पाणी इंजिनाला स्वतःला ओढू द्या. नळाचा पाइप थेट जोडू नका. इंजिन बंद असताना नळाच्या दाबाने पाणी एक्झॉस्टमध्ये भरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू होत नसताना सीकॉक उघडा ठेवून स्टार्टर मारत राहिलात तरी तेच होतं. चांगली इंजिनं अशीच जातात. धुऊन झालं की रबरी इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं पात्यांचं चाक) काढून ठेवा, नाहीतर त्याच्या पात्या एकाच बाजूला वाकून तशाच राहतात. नवा बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी वापरा, ग्रीस रबर खातं. जुन्याची एखादी पाती तुटलेली असेल तर तुकडा शोधाच, तो पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलेला असतो.

'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो' म्हणून इंजिन आतून थंड ठेवणाऱ्या गोड्या पाण्याच्या सर्किटात नुसतं पाणी भरायची पद्धत सर्रास दिसते. कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतो, गंज रोखणारी रसायनं त्यातच असतात. डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा, दोन वर्षांनी बदला.

डिझेलची टाकी ९५ टक्के भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळी बुळबुळीत बुरशी वाढते. बुरशीनाशक डब्यावरच्या मापाने घाला. टाकीच्या श्वासनळीवर आणि एक्झॉस्टच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, कारण कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. तिने श्वासनळी मातीने लिंपली तर ऑक्टोबरात इंजिन अर्ध्या तासाने दम तोडतं आणि माणूस फिल्टर बदलत बसतो.

शिडं गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, सैल घडी घालून घरी न्या. गुंडाळलेली जेनोआ (पुढचं मोठं शीड) फोरस्टेवर (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेवर) ठेवून पावसाळ्याला सामोरं जायचं नाही. पहिल्या मोठ्या वाऱ्यात ती सुटते आणि बोटीला जमिनीवरच्या स्टँडवरून पाडते. शिवण कापडाच्या आधी मरते. नखाने टाका ओढून बघा, सहज तुटला तर उन्हाने धागा गेला. आता पूर्ण शिवण घालून घेतली तर कापड अजून काही वर्षं चालेल. बुरशीचे डाग पडले असतील तर सौम्य ब्लीच फक्त पॉलिएस्टरवर, नायलॉनच्या स्पिनेकरवर (फुग्यासारख्या हलक्या शिडावर) अजिबात नको. हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) काढताना त्याच्या शेपटाला बारीक दोरी शिवून डोलकाठीत ओढून ठेवा. विंच (दोर ओढायची चरखी) उघडा, जुनं ग्रीस रॉकेलने काढा, गिअरांना पातळ हाताने ग्रीस लावा, पण पॉलला (चरखी उलटी फिरू न देणाऱ्या खिट्टीला) फक्त तेल. ग्रीसने पॉल चिकटला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं.

डोलकाठी धरणाऱ्या स्टेनलेसच्या तारा वरून चकचकीत असतात आणि खालच्या दाबलेल्या टोकांत मरतात, कारण खारं पाणी तारेतून झिरपून तिथेच साचतं. भिंगाने बघा: केसासारखी चीर, टोकाशी तपकिरी ओघळ, तुटून बाहेर आलेला एखादाही पदर, यांपैकी काहीही दिसलं तर ती तार बदला. वय १० वर्षांपुढे असेल तर चीर न दिसताही सगळ्या बदलण्याचा खर्च धरा. डोलकाठी कोसळण्याची किंमत त्यापेक्षा स्वस्त नसते.

बोटीचं वजन कीलखालच्या (तळाच्या जड कण्याखालच्या) लाकडी ठोकळ्यांवर असतं, स्टँड फक्त तोल धरतात. ३० फुटीला प्रत्येक बाजूला किमान ३, आणि नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) १. पावसात जमीन मऊ होते, म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायचा दोन फुटी तुकडा हवा, आणि समोरासमोरचे स्टँड साखळीने बांधलेले हवेत. नाळ थोडी वर ठेवा म्हणजे कॉकपिटचं पाणी आपोआप मागे निघून जातं. ताडपत्रीची दोरी स्टँडला कधीही बांधू नका; वाऱ्याने ताडपत्री फडफडली की स्टँड निघतो. कोकणात होड्या झावळ्यांनी शाकारतात तेव्हा खालून हवा खेळती राहते, आपली निळी ताडपत्री बहुतेक जण घट्ट आवळतात आणि आत बुरशीची शेती होते. बांबूचा कणा करून दोन्ही टोकं उघडी ठेवा. गाद्या, पुस्तकं, रेडिओ, प्लॉटर घरी. लॉकरची झाकणं उघडी. वेगमापकाचा पंखा काढून त्याचं भोक उघडं ठेवलं तर आत आलेलं पाणी स्वतःहून जातं, फक्त त्यावर जाळी लावा आणि सुकाणूला मोठ्या अक्षरात चिठ्ठी बांधा. पहिल्या जोरदार पावसानंतर स्टँड पुन्हा आवळायला जाच.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून (विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट) काढा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. उष्णतेत त्या लवकर उतरतात. सोलर पॅनेल असेल तर आधी पॅनेलची तार सोडा, मग बॅटरी. घरगुती वायरिंगची साधी तांब्याची तार बोटीवर एक-दोन वर्षांत आतून काळी पडते. जिथे बदलाल तिथे कथील चढवलेली तार घ्या.

सप्टेंबरअखेर एकच मोठं काम उरायला हवं, अँटीफाउलिंग, म्हणजे तळाला जीव चिकटू न देणारा रंग. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असेल किंवा तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर नसेल तर थांबा, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो. किती लागेल याचा हिशेब: पाण्यावरची लांबी गुणिले (रुंदी अधिक डुबाव) गुणिले ०.७५. म्हणजे ८ × (३ + १.५) × ०.७५ = २७ चौरस मीटर. लिटरला साधारण १० चौरस मीटर धरलं तर दोन हातांना (थरांना) साडेपाच लिटर. पाणरेषा, नाळेची कड आणि सुकाणूला तिसरा हात द्यायला ६ लिटर आणा. हळूहळू झिजणारा प्रकार घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या सेलड्राइव्हला (इंजिनातून तळाखाली उतरणाऱ्या, पंखा लावलेल्या पायाला) तांब्याचा रंग लागला तर तो ते खाऊन टाकतो, तिथे तांबेविरहित रंग. उतरवताना बोट अजून क्रेनच्या पट्ट्यांत किंवा ट्रॉलीवर असतानाच सगळे सीकॉक आणि वेगमापकाचं भोक तपासा. पहिल्या लाटांत टाकीचा गाळ हलतो, तेव्हा पहिल्या फेरीनंतर डिझेलचा फिल्टर बदला आणि एक सुटा जवळ ठेवा.

हंगामात मुंबईचं पाणी म्हणजे पातळ चिखल. पाण्याची गाळणी दर फेरीआधी उघडा, इम्पेलर वर्षाला एक, शाफ्टचं रबरी बेअरिंग हलवून बघणं वर्षातून दोनदा. तळ महिन्याला पाणबुड्याकडून मऊ स्पंजने पुसून घ्या. कडक ब्रशने वाढीबरोबर रंगही जातो. मूरिंगच्या साखळीचा चिखलालगत उचल-आपट होणारा भाग सगळ्यात आधी झिजतो. शॅकलच्या (साखळी जोडणाऱ्या कड्यांच्या) पिना तारेने बांधा, गॅल्व्हनाइज्ड साखळीत स्टेनलेस शॅकल घालू नका.

कोकणात नांगर टाकताना खोली नेहमी भरतीची धरा. ओहोटीला ४ मीटर, उधाणाचे ४, नाळेची उंची १, एकूण ९. पाचपटीने साखळी-दोर ४५ मीटर. म्हणून ८ मिमीची ३० मीटर साखळी आणि पुढे १४ मिमीचा ४० मीटर नायलॉन दोर, हा माझ्या मते किमान संच.

सुरक्षेच्या सामानात पावसाळ्याचा फटका बसतो तो आपोआप फुगणाऱ्या लाइफजॅकेटला. पाण्यात विरघळणारी त्यातली गोळी दमट हवेतही विरघळते आणि जॅकेट कपाटातच फुगतं. घरी कोरड्या जागी ठेवा, ऑक्टोबरात गोळी आणि गॅसचा सिलिंडर तपासा, फ्लेअरच्या (संकटात पेटवायच्या दारूकामाच्या) तारखा बघा. व्हीएचएफ (सागरी रेडिओ) चॅनल १६ वर चालू ठेवा. मोबाइलची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४. उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशक परदेशातून आणून परवानगीशिवाय वापरणं आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशी पुस्तकांतली ती ओळ सोडून द्या. ४०६ मेगाहर्ट्‌झचा ईपिर्ब (संकटात उपग्रहामार्फत बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) मात्र घ्या आणि त्याची नोंदणी करा.

मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे तुमच्या सगळ्या हंगामात किनारा जाळ्यांनी भरलेला असतो, आणि रात्री बरीच जाळी बिनदिव्याची असतात. रात्री मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा मिळत असेल तर शिडावरच जा. जाळं पंख्यात गेलं तर त्याच क्षणी न्यूट्रल, रिव्हर्स मारू नका. शिडं उतरवा, नांगर टाका, किल्ली काढून खिशात घाला, मगच मास्क आणि दातेरी सुरी घेऊन, कमरेला दोर बांधून माणूस पाण्यात उतरू द्या. मोकळं झाल्यावर आधी आत जाऊन शाफ्टच्या ग्लँडला (शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या सीलला) हात लावून बघा. गुंडाळलेला दोर शाफ्ट मागे खेचतो, आणि गळती तिथून सुरू होते.