फ्रेंच रॅपमधले मुस्लिम कलाकार: कुठून सुरू करावं आणि काय ऐकावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रेंच येत नाही, 'मुस्लिम फ्रेंच रॅप' नावाच्या प्लेलिस्ट ऐकल्या तर एका गाण्याचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, मग सुरुवात कुठून करायची?

मेळ बसत नाही, कारण असा एकसंध प्रकारच नाही. त्या प्लेलिस्ट बहुतेक वेळा नावं पाहून लावलेल्या असतात. 113 या गटाचं 'तोंतों द्यु ब्लेद' (1999) त्यांत हमखास सापडतं. गाणं झकास आहे, पण ते सामानाने लादलेली पूजो 504 गाडी घेऊन सुट्टीत अल्जेरियातल्या गावी जाणाऱ्या कुटुंबाचं आहे. तिथे विषय स्थलांतराचा आहे, धर्माचा नाही. उलट केरी जेम्सचे आईवडील हैतीचे, मार्सेयच्या आयएएम गटातल्या अखेनातॉनचं घराणं मूळचं इटालियन, आणि आब्द अल मलिकचं कुटुंब काँगोचं. हे तिघेही स्वतः इस्लाम स्वीकारून आलेले. तेव्हा नावावरून किंवा वंशावरून कुणाची श्रद्धा ठरवू नका, आणि गाण्यात 'अल्ला' किती वेळा येतो तेही मोजू नका. श्रद्धेमुळे त्या कलाकाराच्या संगीतात नेमकं काय बदललं, तिकडे कान द्या. भाषा येत नसली तरी हे ऐकू येतं.

सुरुवात केरी जेम्सच्या 'सी सेते आ रफेर' (2001) या अल्बमपासून करा. आधी तो 'इदेआल जे' गटात अतिशय आक्रमक रॅप करायचा. धर्माकडे वळल्यावर त्याने रॅप जवळजवळ सोडलंच होतं. इस्लामी धर्मशास्त्रात वाद्यांबद्दल एकमत नाही. तंतुवाद्यं आणि सुषिर वाद्यं वर्ज्य, डफासारखी तालवाद्यं मात्र चालतात, असा एक मोठा मतप्रवाह आहे. केरीने तोच पाळला आणि अख्खा अल्बम तालवाद्यं आणि मानवी आवाज यांवर उभा केला. गिटार, व्हायोलिन, बासरी यांपैकी काही नाही. हेडफोन लावून ऐका, कारण फोनच्या स्पीकरवर खालचे ठोके हरवतात आणि मग अल्बम उगाच रिकामा वाटतो. पहिल्यांदा '28 देसांब्र 1977' हे गाणं घ्या. शीर्षक म्हणजे त्याची जन्मतारीख, आणि गाणं म्हणजे त्याचं आत्मकथन. त्यानंतर लगेच 'लेत्र आ ला रेप्युब्लीक' (2012) लावा. इथे पियानो आहे, आणि संताप थेट फ्रेंच राज्यसंस्थेवर आहे. अकरा वर्षांत या माणसाची वाद्यांबद्दलची भूमिका किती सरकली, ते या दोन गाण्यांतून शब्द न कळताही समजतं.

दुसरा थांबा आब्द अल मलिकचा 'जिब्राल्टार' (2006). हा स्ट्रासबुर्गच्या नॉयहोफ वस्तीतला, मोरोक्कोतल्या बुत्शिशी या सूफी संप्रदायाचा अनुयायी. त्याचा सूफीपणा कव्वालीसारखा ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल. जुन्या पिढीतला नामवंत गायक जाक ब्रेल याच्या साथीला वर्षानुवर्षं बसलेले पियानोवादक जेरार जुआनेस्त इथे वाजवतात, आणि मलिक रॅपपेक्षा बोलीच्या लयीत बोलतो. जुन्या फ्रेंच गीतपरंपरेत आपण परके नाही, हे तो वादनाच्या निवडीतूनच सांगतो. मला हा त्याचा सर्वांत देखणा निर्णय वाटतो.

ल्युनाटिक या जोडीच्या 'मोव्हे ज़ई' (2000) या अल्बममध्ये एकाच बीटवर दोन स्वभाव आहेत: बूबा रस्त्याची भाषा बोलतो, अलीच्या ओळींत ईश्वर आणि मृत्यूचं भान सतत येत राहतं. दोन आवाज ओळखता येईपर्यंत त्यातलं एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐका.

सर्वांत जास्त गैरसमज मेदीन या रॅपरबद्दल होतात. ल आव्र या बंदराच्या शहरातला, अल्जेरियन वंशाचा. त्याच्या 2005 च्या अल्बमचं नाव 'जिहाद', पण लोक तिथेच थांबतात. पूर्ण नावात पुढे 'सर्वांत मोठी लढाई स्वतःशीच' असं आहे. फ्रान्समध्ये 1905 पासून धर्म आणि राज्य कायद्याने वेगळे आहेत, 2004 मध्ये सरकारी शाळांत हिजाबसह ठळक धर्मचिन्हांवर बंदी आली. त्या हवेत असं शीर्षक ठेवणं ही उघड डिवचणी आहे. 'डोन्ट लाईक' (फ्रेंचमध्ये 'लाईक' म्हणजे धर्मनिरपेक्ष) हे त्याचं गाणं जानेवारी 2015 च्या पहिल्याच दिवशी आलं, त्याच महिन्यात शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावर हल्ला झाला. 2018 मध्ये त्याचे पॅरिसच्या बाताक्लां सभागृहातले कार्यक्रम प्रखर विरोधामुळे रद्द होऊन दुसरीकडे हलवावे लागले. नोव्हेंबर 2015 च्या दहशतवादी हल्ल्यात जिथे 90 माणसं मारली गेली त्या जागी हे नाव नको, असं मृतांच्या काही नातलगांना वाटलं, आणि ते समजण्यासारखंच आहे. पण कलाकार म्हणून तो डिवचण्यापेक्षा गोष्ट सांगण्यात कितीतरी सरस आहे. '17 ऑक्टोब्र' ऐका: 1961 मध्ये पॅरिसात पोलिसांनी अल्जेरियन निदर्शकांची केलेली कत्तल त्यात आहे. 'आंफां द्यु देस्तँ' या मालिकेतलं प्रत्येक गाणं इतिहासातल्या एका संघर्षात सापडलेल्या मुलाची कहाणी सांगतं.

आता भाषेचं. आपोआप तयार होणारे सबटायटल्स इथे टिकत नाहीत, कारण व्हेरलां. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात, तशी ही अक्षरं फिरवण्याची बोली: 'बिज़ार'चं 'ज़ार्बी', आणि 'आराब'चं 'बर', मग तेच पुन्हा उलटून 'रबे'. यंत्र तिथे भलतंच काहीतरी लिहितं. म्हणून आधी गाणं नुसतं ऐका, मग जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या संकेतस्थळावर मूळ फ्रेंच शब्द आणि टिपा उघडून ऐका, आणि भाषांतर सर्वांत शेवटी. 'मक्तूब', 'हराम', 'इन्शाल्ला' हे शब्द आपल्या कानाला सहज पकडता येतात. मात्र तेवढ्यावरून गाणं धार्मिक ठरवू नका. वस्त्यांमध्ये बिगरमुस्लिम पोरंही ते रोज वापरतात.

दियाम्स ही रॅपर घ्यायची तर तिचे 'दां मा ब्युल' (2006) आणि इस्लाम स्वीकारल्यानंतरचा 'एसओएस' (2009) हे अल्बम लागोपाठ ऐका. 2012 मध्ये तिने संगीत कायमचं सोडलं.

आयएएमचं 'द्मँ से ल्वँ' (1997) हे गाणं मुद्दाम मागे ठेवा. सुमारे नऊ मिनिटं, ध्रुवपद नाही, दोनच प्रदीर्घ कडवी. दोन बैठकींत ऐका: आधी गटातल्या शुरिकनचं कडवं, शब्द समोर ठेवून, अखेनातॉनचं दुसऱ्या दिवशी.